विद्यार्थी समाधानी आहे

मृगाचा पाऊस आणि खाजगी महाविद्यालयांचे प्राध्यापक हे दोघेही परभणी जिल्ह्यात साधारणतः एकाच सुमारास अवतरतात, आणि दोहोंपैकी कोणा एकाचा भरवसा धरावयाचाच झाला तर तो प्राध्यापकांचा धरावा, असे पेडगावातील जाणत्या मंडळींचे अनुभवसिद्ध मत आहे. पाऊस ओढ देतो. प्राध्यापक देत नाहीत. बारावीचा निकाल लागून मुलाच्या हाती गुणपत्रिका पडते न पडते तोच मारुतीच्या पाराशी एक दुचाकी येऊन थांबते, तीवरून खांद्याला पिशव्या अडकवलेले दोन सद्गृहस्थ उतरतात, आणि यंदा बारावी झालेले लेकरू कोणकोणत्या घरी आहे याची यादी, निजामाच्या अमदानीतील कसलेल्या पटवाऱ्यानेही तोंडात बोट घालावे इतक्या बिनचूकपणे, त्यांच्या वहीत आधीच उतरलेली असते.

या दोघांपैकी निदान एक तरी तासिका तत्त्वावर नेमलेला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या व आता गावकऱ्यांच्याही भाषेत ‘सीएचबी’वरचा असतो. तो नेट किंवा सेट उत्तीर्ण झालेला असतो, क्वचित विद्यावाचस्पतीही असतो; परंतु ज्या विषयाच्या व्यासंगात त्याची उमेदीची वर्षे खर्ची पडली त्या विषयाचे अवाक्षरही उच्चारण्याचा प्रसंग पारावर येत नाही, कारण पुढील सालच्या तासिका त्याच्या व्यासंगावर अवलंबून नसून त्याने पदरात पाडून आणलेल्या प्रवेशांवर अवलंबून आहेत, ही गोष्ट संस्थेने त्याला लेखी नव्हे पण स्पष्ट शब्दांत कळविलेली असते. पिशवीतून गुळगुळीत कागदाचे माहितीपत्रक निघते. त्यावर हिरवळीवर बसून हसत असलेल्या तरुण-तरुणींचे छायाचित्र असते, आणि त्यांच्या वर्णावरून व वस्त्रांवरून पाहता मराठवाड्याचे ऊन त्यांच्यापैकी कोणाच्याही अंगावरून गेल्याचे दिसत नाही.

“काका, लेकराचं काय ठरलं?”

“अजून काही नाही सर. तुम्हीच सांगा.”

“आमच्याकडं घाला. बिल्डिंग नवी आहे, कॉम्प्युटरची लॅब आहे, वायफाय आहे.”

“आन् फीस?”

“फीसचं टेन्शन घेऊ नका. स्कॉलरशिपमधून होतंय समदं.”

काका तळहातावरची तंबाखू निगुतीने मळतात, चुन्याचे प्रमाण डोळ्यांनी तपासतात, आणि चिमूट दाढेखाली जाऊन स्थिरावल्यावर सर्व बोलण्याचे सार असलेला एकच प्रश्न विचारतात : “ते झालं सर. पण रोज यावं लागतंय का?”

प्राध्यापक महाशय एकवार डावीकडे, एकवार उजवीकडे पाहतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, “तसं काही नाही काका. परीक्षेला आला म्हंजे झालं.” व्यवहार पुरा होतो, आणि चहा येतो.

विद्यार्थ्यांच्या अपेक्षांविषयी जी जाडजूड पुस्तके आणि संशोधनलेख प्रसिद्ध होत असतात त्यांत सुसज्ज ग्रंथालय, अनुभवी अध्यापकवर्ग, नोकरीची हमी इत्यादी अपेक्षांची सविस्तर चर्चा असते. परंतु ‘न येण्याची मुभा’ ही जी अपेक्षा पेडगावच्या पारावर सर्वप्रथम उच्चारली जाते, तिला त्यांत कोठे स्थान मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही. वास्तविक ही अपेक्षा आळसातून उद्भवलेली नाही. सोयाबीनवर फवारणी कोणी करावयाची, कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर कोठून आणावयाचे, आणि परभणीच्या मोंढ्यात माल घेऊन गाडीबरोबर कोणी जावयाचे, या प्रश्नांची उत्तरे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नसतात, ती घरातल्या विशीच्या मुलातच असतात. मुलाची स्वतःची दृष्टी पाहावी तर ती पोलीस भरतीवर खिळलेली असते. पहाटे मानवतच्या रस्त्याने धावणाऱ्या तरुणांची जी रांग दिसते, तीतील बहुतेक सर्व कोठल्या ना कोठल्या महाविद्यालयाचे नियमित विद्यार्थी असतात. त्यांना महाविद्यालय हवे असते ते अर्जातील एक रकाना भरण्यापुरते. या व्यवस्थेला ‘नॉन अटेंडिंग’ असे सुटसुटीत नाव असून, विद्यापीठाच्या दप्तरी मात्र ७५ टक्के उपस्थितीचा दंडक अबाधित असल्यामुळे, पेडगावात फवारा मारणारा तरुण त्याच क्षणी वर्गात बसून इंग्रजीचा तास ऐकत असतो, असे हजेरीपटाच्या आधारे कोणालाही सिद्ध करता येते. योगशास्त्रात वर्णिलेली ही सिद्धी संस्थांनी विनाअनुदानित तत्त्वावर सर्वांना खुली केली, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे.

पेडगाव हे नाव ऐकताच वाचकाच्या चेहऱ्यावर जे स्मित उमटले असेल त्याचा येथेच बंदोबस्त करणे इष्ट होय. ज्या पेडगावला माणसे वेड पांघरून जातात ते श्रीगोंदे तालुक्यात भीमेच्या काठी, बहादूरगडाच्या तटाशी वसलेले आहे. परभणीच्या पश्चिमेस रेल्वेचे छोटेखानी स्थानक असलेल्या आमच्या पेडगावचा त्याच्याशी नामसाधर्म्यापलीकडे काही संबंध नाही. तथापि पुण्याच्या एखाद्या संस्थेत प्रवेशासाठी गेलेल्या आमच्या मुलाने गावाचे नाव सांगितले की खिडकीतील कारकुनाला हा विनोद सुचतो, तो आपल्यालाच प्रथम सुचला अशा आनंदाने तो करतो, आणि मुलगा निमूटपणे हसतो. त्या संपूर्ण दिवसात संस्थेकडून त्याला तत्परतेने मिळालेली सेवा एवढीच असते.

सेवा म्हटले की तिची मोजदाद आली. अमेरिकेत परशुरामन, झाइतामल आणि बेरी या तीन पंडितांनी 1980 नंतरच्या दशकात बँका, क्रेडिट कार्डे, यंत्रांची दुरुस्ती अशा धंद्यांचा अभ्यास करून सेवेची गुणवत्ता मोजण्याचे एक माप सिद्ध केले. 1988 साली ते 22 विधानांच्या स्वरूपात प्रसिद्ध झाले आणि पुढे जगभर व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते रुग्णालयांपासून विद्यापीठांपर्यंत सर्वांना लावून पाहिले. त्याचे मर्म असे की, ग्राहकाने जी अपेक्षा बाळगली आणि त्याला जो अनुभव आला, या दोहोंतील अंतर म्हणजे गुणवत्ता. अनुभव अपेक्षेच्या जितका मागे राहील तितकी सेवा निकृष्ट. अंतर शून्य झाले म्हणजे ग्राहक समाधानी. आता हे अंतर मिटविण्याचे मार्ग दोन आहेत, हे पाढे पाठ असलेल्या कोणालाही समजेल. अनुभव वर न्यावा, किंवा अपेक्षा खाली आणावी. पहिल्या मार्गात पगारी अध्यापक, ग्रंथ, रसायने, वीज आणि पाणी यांवर खर्च येतो. दुसरा मार्ग सर्वथा निःशुल्क आहे. आणि आमच्या विभागातील काही संस्थांनी तो इतक्या टोकाला नेला आहे की, त्या तिघा पंडितांनी पेडगावच्या पारावर येऊन एक चहा घेतला असता तर त्यांना आपल्या सिद्धांताची परिपूर्ती याचि देही याचि डोळा पाहावयास मिळाली असती.

अपेक्षांची ही घसरण एका दिवसात झालेली नाही. 1884 साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि पुढल्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय, तेव्हा तीही खाजगीच संस्था होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे तेथे अध्यापन करण्याचे व्रत घेतले आणि पाळले. आमच्याकडे सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचा अंमल. उच्च शिक्षणासाठी 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी, तेथे उर्दूतून विद्या संपादावी, असा शिरस्ता होता. संस्थान मुक्त झाले आणि दोनच वर्षांत, 1950 साली, स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडात पीपल्स कॉलेज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेतर्फे औरंगाबादेत पुढे ‘मिलिंद’ या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय उभे राहिले. सरकार करीत नाही म्हणून आपण करू, एवढाच त्या काळी ‘खाजगी’ या विशेषणाचा अर्थ असे. 1983 साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. महाराष्ट्राची मुले देणग्यांची गाठोडी घेऊन कर्नाटकात जातात, तो पैसा इथेच राहावा, हा त्यामागील एक हेतू सांगितला जातो, आणि तो हेतू अपेक्षेबाहेर सफल झाला यात शंका नाही. चारच वर्षांनी, 1987 साली, कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा सरकारला करावा लागला. तेव्हापासून देणगी घेतली जात नाही, ती इमारत निधी, विकास निधी किंवा केवळ सदिच्छा म्हणून आपल्या पायांनी चालत येते. शिक्षणमहर्षी व शिक्षणसम्राट या दोन पदव्या मात्र विद्यापीठाच्या मान्यतेवाचून प्रचारात आल्या आणि अनेकांनी त्या एकाच वेळी धारण केल्या. ऋषी आणि राजा एकाच देहात नांदण्याचा योग जनकानंतर बहुधा इकडेच आला असावा.

परशुरामनादिकांच्या मापात दृश्य साधनांना, म्हणजे इमारत, सामान, कर्मचाऱ्यांचा पोशाख यांना स्वतंत्र स्थान आहे, आणि या एका कलमात आमच्या संस्थांना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. कमान असते. कमानीवर संस्थापकांच्या मातोश्रींचे अथवा पिताश्रींचे नाव असते. आत कारंजे असते, आणि पाण्याच्या दुर्भिक्षामुळे ते बारमाही कोरडे असले तरी त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या सिमेंटच्या बगळ्याने आपली जागा सोडलेली नसते. मुलाबरोबर आलेला बाप ही कमान मान वर करून पाहतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वचन लहानपणापासून ऐकत आलेल्या त्या माणसाला त्याचा अर्थ त्या क्षणी प्रथमच उमगल्यासारखे वाटते, आणि फीचा पहिला हप्ता तो त्याच तंद्रीत मोजून देतो. भरवसा, तत्परता, हमी आणि आपुलकी ही उरलेली चार कलमे कमानीच्या आतील बाजूस येत असल्याने त्यांचा प्रश्न त्या दिवशी उपस्थित होत नाही.

तत्परतेचा अनुभव घ्यावयाचा तर बोनाफाईडसाठी अर्ज करून पाहावा. एस. टी.च्या मासिक पासात विद्यार्थ्यांना सुमारे दोनतृतीयांश सवलत मिळते, आणि त्या सवलतीसाठी आगारात बोनाफाईड दाखवावे लागते. महाविद्यालयात जाण्यासाठी पास हवा, पासासाठी दाखला हवा, आणि दाखल्यासाठी महाविद्यालयात जावयास हवे. हे चक्र भेदण्यासाठी विद्यार्थी पहिल्या दिवशी पूर्ण तिकीट काढून परभणी गाठतो. कार्यालयाची खिडकी छातीच्या उंचीवर असून तिचे भोक इतके लहान व खोल असते की आतील लिपिकाचे दर्शन घ्यावयाचे तर कमरेत वाकल्यावाचून गत्यंतर नाही. वास्तुविशारदाने विनयशिक्षणाची ही सोय हेतुपुरस्सर केली असावी. लिपिक मान वर न करता सांगतो की छापील अर्ज भांडारातून विकत आणावा. भांडार बंद असते. ते उघडल्यावर अर्ज मिळतो, अर्जावर ‘नो ड्यूज’च्या चौकटी असतात, आणि मग जे पुस्तक कधी घेतलेच नाही ते परत केल्याबद्दल ग्रंथपालाची, जे उपकरण कधी पाहिलेच नाही ते फोडले नसल्याबद्दल प्रयोगशाळेची, आणि ज्या वसतिगृहाचा पाया अद्याप खणावयाचा आहे तेथील खाणावळीची बाकी नसल्याबद्दल अधीक्षकाची, अशा स्वाक्षऱ्या गोळा करण्यात दुपार सरते. ग्रंथपाल संलग्नीकरणाच्या कामासाठी विद्यापीठात गेलेले असतात. शेवटी अर्ज खिडकीत रुजू होतो. आतून आवाज येतो, “सायब मीटिंगला हायेत. उद्या या.” उद्या सर्व्हर डाऊन असतो. परवा शिक्का सापडतो, पण शाईची गादी वाळलेली असते. तेरवा दाखला हाती पडतो, त्यावर मुलाच्या नावाच्या जागी मुलीचे नाव असते. आणि आमचा पेडगावकर तरुण, ज्याने अपेक्षाच चार दिवसांची नव्हे तर आठवड्याची धरली होती, तो आडनाव बरोबर आल्याबद्दल लिपिकाचे मनःपूर्वक आभार मानतो.

अशा तरुणाने दाद कोठे मागावी? कायदा पाहू जाता मोठी गंमत आढळते. 2002 साली टी. एम. ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी शिक्षणसंस्था चालविणे हा एक व्यवसाय मानून त्यास मूलभूत हक्काचे संरक्षण दिले. नफेखोरी नको, पण संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक उरण्यास हरकत नाही, असेही सांगितले. ती शिल्लक वाजवी आहे की नाही हे पाहण्यासाठी पुढे शुल्क नियामक यंत्रणा आल्या. 2017 साली आलेल्या वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत शिक्षण ही सेवाच, केवळ करमाफी मिळालेली. म्हणजे व्यवसाय आहे, सेवा आहे, शुल्क आहे, शिल्लक आहे. तेव्हा ग्राहकही असलाच पाहिजे, असे कोणासही वाटेल. परंतु तक्रार घेऊन ग्राहक मंचाची पायरी चढलेल्यांना 2010 साली एका विद्यापीठाच्या व 2012 साली एका धर्मादाय न्यासाच्या प्रकरणात त्याच सर्वोच्च न्यायालयाने सुनावले की शिक्षण ही क्रयवस्तू नव्हे आणि ते देणाऱ्या संस्था ग्राहकाला सेवा पुरवीत नाहीत. तात्पर्य, फी भरण्याच्या खिडकीपाशी तो ग्राहक असतो आणि तक्रारीच्या खिडकीपाशी पोहोचेपर्यंत त्याचा शिष्य झालेला असतो. दोन खिडक्यांमधले अंतर दहा पावलांचे.

आणि शिष्याने गुरुदक्षिणेची हमी द्यावी, हे तर ओघानेच आले. ‘स्कॉलरशिपमधून होतंय’ हे पारावरील वचन खोटे नसते. अनेक प्रवर्गांच्या मुलांची फी शासन देते, आणि जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील बऱ्याच मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत संपूर्ण शुल्कमाफी मिळाली. परंतु महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून निघालेली रक्कम संस्थेच्या खात्यात पोहोचेपर्यंत विद्यार्थी उत्तीर्ण होऊन, लग्न होऊन, कदाचित एका अपत्याचा पालक झालेला असतो. तोवर त्याची टीसी संस्थेच्या कपाटात ओलीस राहते. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली बजावले आहे खरे, पण आयोग दिल्लीस असतो आणि कपाटाची किल्ली ज्याच्या करदोट्याला असते तो शिपाई परभणीस. सरकारच्या उधारीला सोयाबीन उत्पादकाचा मुलगा जामीन राहिल्याचे हे उदाहरण सहकारी पतपुरवठ्याच्या इतिहासातही सापडणार नाही.

वर्षातून एकदा मात्र संस्थेला खरोखरीच विद्यार्थी हवे असतात. विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती, जिला सर्व संबंधित ‘एलआयसी’ म्हणतात, ती येणार असल्याचा निरोप येतो, आणि गावोगावच्या नॉन अटेंडिंग मंडळींना भ्रमणध्वनीवरून आमंत्रणे जातात : अमुक तारखेस गणवेशात हजर राहावे, नाश्त्याची सोय आहे. त्या दिवशी बगळ्याच्या पायाशी टँकरचे पाणी खेळू लागते. मुलांना आपला वर्ग कोणता हे ठाऊक नसल्यामुळे दारांवर खडूने खुणा केलेल्या असतात. समितीतील एका वृद्ध सदस्याने एकदा पहिल्या बाकावरच्या मुलाला “सरांचं नाव काय?” असे विचारले, मुलगा गोंधळला, सर त्याहून अधिक गोंधळले, आणि उप्पीट त्याच क्षणी आत आल्यामुळे पुढील चौकशी तहकूब झाली. पेडगावची मुले तो दिवस वर्षभर आठवतात. उप्पीट चांगले होते.

राहता राहिले समाधानाचे सर्वेक्षण. ‘नॅक’ ही मूल्यांकनाची राष्ट्रीय परिषद 1994 साली बंगळुरास स्थापन झाली. 2017 साली तिने आपली पद्धत बदलली तेव्हा विद्यार्थ्यांनाच विचारून पाहावे अशी कल्पना पुढे आली आणि त्यांच्या ई-मेलवर 21 प्रश्न जाऊ लागले. वीस प्रश्नांना केवळ खूण करावयाची. एकविसाव्यात सुधारणेच्या तीन सूचना लिहावयाच्या. तेव्हापासून अनेक संस्थांनी त्याच नमुन्याची आपली घरगुती प्रश्नावली काढली असून ती प्रत्येक विद्यार्थ्याने भरलीच पाहिजे, नाहीतर हॉल तिकीट मिळणार नाही, अशी समाधानाची सक्ती केली आहे. अडचण अशी की आमच्या मुलांचे ई-मेल त्यांच्या ताब्यात नसतात. प्रवेशाच्या वेळी ते सेवा केंद्र चालविणाऱ्या मामांनी काढलेले असतात, त्यांचे परवलीचे शब्द मामांच्या वहीत असतात, आणि त्यामुळे एका पिढीच्या उच्च शिक्षणाविषयीचे मत एकट्या मामांना नोंदवावे लागते. मामा हे काम प्रामाणिकपणे करतात. त्यांच्या मते आमच्या भागातील महाविद्यालये उत्कृष्ट आहेत : प्रत्येक प्रवेशामागे त्यांच्याकडे उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, महाडीबीटीचा अर्ज, त्यातील त्रुटींची दुरुस्ती आणि पाचपन्नास झेरॉक्स होतात. त्यांच्या अपेक्षा व अनुभव यांत तिळमात्र अंतर नाही.

परवा त्यांनी एका प्रश्नावलीच्या वीसही उत्तरांवर सर्वोच्च खूण करून सूचनांच्या रकान्यात पहिली सूचना घातली की अर्जाची शेवटची तारीख बाजाराच्या दिवशी नसावी, आणि दुसरी की कागदपत्रांच्या तीन प्रतींऐवजी पाच प्रती घ्याव्यात. तिसरी सुचेना, तेव्हा ‘नाही’ असे लिहून त्यांनी कळ दाबली. पडद्यावर ओटीपी मागितला गेला, आणि त्यांनी शेतात असलेल्या त्या विद्यार्थ्याला फोन लावला.

“बाळू, ओटीपी आलाय बघ. सांग लवकर.”

“कशाचा हो मामा?”

“कॉलेजचा. तू समाधानी हायेस म्हणून.”

“थांबा जरा,” पलीकडून आवाज आला, “पाठीवरचा पंप उतरवतो, मग सांगतो.”